ताजी की तऱ्हेतऱ्हेची?

अमेरिकेतल्या पोर्टलंड, डेन्व्हर किंवा सॅन दिएगोसारख्या शहरात क्राफ्ट बिअरच्या एखाद्या मोठ्या दुकानात पहिल्यांदा शिरलेला माणूस हरखून जातो. जमिनीपासून छतापर्यंत बाटल्या आणि कॅन. आयपीए, पेल एल, पिल्सनर, पोर्टर, स्टाउट, बेल्जियन ट्रिपल, बव्हेरियाची गव्हाची बिअर, फळं घातलेली आंबट बिअर, व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली काळी बिअर. काही दुकानांत लेबलांची संख्या हजाराच्या घरात जाते आणि दुकानदार ती अभिमानानं मिरवतो. गिऱ्हाईकही तो आकडा ऐकूनच आलेलं असतं. आत आल्यावर ते चित्रं बघतं, नावं वाचतं, अल्कोहोलचं प्रमाण आणि किंमत बघतं. कॅन उलटा करून त्याच्या तळाशी छापलेली बारीक अक्षरांतली तारीख मात्र फार थोडे जण वाचतात.

माझ्या मते बिअर घेताना सगळ्यात आधी वाचायची ती तारीखच. भरपूर निवडही हवी आणि मालही ताजा हवा, असं कुणालाही वाटेल. पण एकाच दुकानात, एकाच दिवशी दोन्ही पुरेपूर मिळणं फार अवघड असतं. ते का, हे साध्या हिशेबानं दाखवता येतं आणि तो हिशेब पुढे करणारच आहोत. त्याआधी निवडीची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती फुकटात मिळालेली नाही.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या अमेरिकेत बिअर बनवणाऱ्या कंपन्या शंभराच्या आत उरल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक सगळ्या एकच चीज बनवत: फिकट, हलकी, थंडगार लागर. लेबल बदलायचं, चव बदलायची नाही. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ही जुनी ब्रुअरी बंद पडायच्या बेतात असताना १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग या तरुणानं तिच्यात पैसे घातले आणि जुन्या पद्धतीची दमदार बिअर टिकवून धरली. १९७६ मध्ये जॅक मॅकऑलिफ यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनोमामध्ये न्यू अल्बियन ही चिमुकली ब्रुअरी काढली. ती काही वर्षांतच बंद पडली, पण तिनं अनेकांना वाट दाखवली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरी बिअर बनवण्यावरची केंद्राची बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. १९८० मध्ये केन ग्रॉसमन यांच्या सिएरा नेवाडानं चिको गावात पेल एल बनवायला घेतली. आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक ब्रुअरी आहेत. एकाच चवीवर ज्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्या पिढीला शंभर लेबलांची भिंत म्हणजे स्वातंत्र्य वाटलं तर त्यात नवल नाही. ‘दुकान चांगलं म्हणजे माल भरपूर’ हे समीकरण तिथून आलं आणि त्या वेळी ते बरोबरही होतं.

ते आज पुरेसं का नाही, हे समजायला बंद कॅनच्या आत काय चालतं ते बघावं लागतं.

बिअर ही भरली त्या दिवशी तयार होते आणि त्याच दिवसापासून बदलायला लागते. तिचा मोठा शत्रू ऑक्सिजन. बाटली किंवा कॅन भरताना कितीही काळजी घेतली तरी थोडा ऑक्सिजन आत राहतोच. काटेकोर ब्रुअरी तो अब्ज भागांत ५० भागांच्या खाली ठेवायची धडपड करतात. एवढासा ऑक्सिजनही काम करत राहतो. माल्टमधून आलेल्या स्निग्ध पदार्थांपासून ट्रान्स-२-नॉनेनल नावाचं एक संयुग तयार होतं आणि साठवणीत ते हळूहळू मोकळं होतं. त्याचा वास ओल्या पुठ्ठ्याचा. अब्ज भागांत एक दशांश भाग एवढं जरी ते असलं तरी तरबेज नाकाला कळतं. त्याच्या जोडीला इतर अल्डिहाइड वाढतात आणि बिअरला मध, जुनी शेरी, करपट टॉफी अशा छटा येतात. मूळ चवीत नसलेला गोडवा जाणवायला लागतो.

दुसरीकडे हॉप्सचं जे काही चांगलं असतं ते निघून चाललेलं असतं. हॉप्सच्या फुलांत दोन गोष्टी असतात. एक राळ, जिच्यातून उकळताना कडूपणा येतो. दुसरी सुगंधी तेलं, ज्यांतून संत्र्याची साल, पाइन, पिकलेला आंबा, पेरू असे वास येतात. आजच्या आयपीएमध्ये ही तेलं टिकावीत म्हणून आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये वरून हॉप्स घालतात. त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. पण तेलं उडून जाणारी आणि ऑक्सिजनशी चटकन जुळणारी. काही तर बाटलीच्या झाकणाखालच्या अस्तरात शोषली जातात. कडूपणाही तसाच राहत नाही. त्याची धार जाते आणि मागे एक खरखरीत, रेंगाळणारी तुरटी उरते. थोडक्यात, जे हवं ते घटतं आणि जे नको ते वाढतं. दोन्ही एकाच वेळी.

हे डोळ्यांनीही दिसतं. न्यू इंग्लंड पद्धतीची गढूळ आयपीए घ्या. ओट्स आणि गहू घातलेली, हॉप्सनं गच्च भरलेली. दोन आठवड्यांची असेल तर ग्लासात ओतताना रंग उजळ पिवळा, फेस पांढराशुभ्र, आणि ग्लास तोंडापासून वीतभर लांब असतानाच वास येतो. तीच बिअर चार महिने गरम फळीवर उभी राहिली की रंग मातकट तपकिरी होतो, कधी त्यात करडी छटा येते, फेसही मळकट दिसतो. नाक ग्लासात घालावं तेव्हा कुठे वास येतो आणि तोही ओल्या कागदाचा. लेबल तेच, किंमत तीच. ज्यानं ही बिअर आयुष्यात पहिल्यांदा अशी प्यायली, तो म्हणणार की ही ब्रुअरी काही खास नाही. बनवणाऱ्यावर होणारा हा अन्याय मला सगळ्यात जास्त खटकतो.

प्रकाशाचं प्रकरण वेगळं. हॉप्सची कडू द्रव्यं आणि उजेडातला निळ्या बाजूचा प्रकाश यांची गाठ पडली की एक गंधकयुक्त संयुग बनतं. अमेरिकेतला स्कंक हा प्राणी शत्रूवर जी दुर्गंधी फवारतो, त्याच कुळातलं हे संयुग, म्हणून तिकडे अशा बिअरला ‘स्कंकी’ म्हणतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरे. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी काच फारच कमी, आणि पांढरी काच मुळीच नाही. पांढऱ्या काचेच्या बाटलीत साधी हॉप्सची बिअर भर उन्हात ठेवली तर काही मिनिटांत बिघडते. दुकानाच्या काचेच्या फ्रिजमध्ये दिव्याला अगदी चिकटून उभी असलेली हिरवी बाटली म्हणूनच टाळावी. कॅनला हा धोका नाही. २००२ साली कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूज ब्रुअरीनं आपली पेल एल कॅनमध्ये भरायला सुरुवात केली तेव्हा कॅन म्हणजे स्वस्त बिअर असाच समज होता. आज चांगल्या आयपीए बहुतेक कॅनमध्येच येतात. उजेड पूर्ण बंद, आणि झाकणातून हवा शिरायचीही सोय नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ऊब. अमेरिकेतल्या बिअर व्यवसायात एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: ३-३०-३००. सुमारे ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच शिळी होते. हा काही काटेकोर नियम नाही. बिअरच्या प्रकारानुसार तो हलतो, आणि ३०० दिवस फ्रिजमध्ये ठेवलेल्या आयपीएचा सुगंध जसाच्या तसा राहील असंही नाही. पण दिशा अगदी खरी आहे. कॅनवर महिन्याभरापूर्वीची तारीख असली तरी तो महिना कॅननं कुठे काढला हे कळल्याशिवाय तारीख अर्धीच गोष्ट सांगते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाश्चरायझेशन केलं की बिअर टिकते असं सर्रास मानलं जातं. त्यानं जिवाणू आणि रानटी यीस्ट मरतात, म्हणजे बिअर आंबट होत नाही, नासत नाही. ऑक्सिजनचं काम मात्र चालूच राहतं.

आता हिशेब.

समजा एका दुकानात आठवड्याला क्राफ्ट बिअरचे ६०० कॅन खपतात. दुकानदारानं २० लेबलं ठेवली तर एका लेबलाचे आठवड्याला सरासरी ३० कॅन जातात. २४ कॅनची पेटी आठवडा पुरा व्हायच्या आत संपते. त्याच दुकानदारानं गिऱ्हाईक भुलावं म्हणून ३०० लेबलं लावली. गिऱ्हाईक थोडं वाढेलही, पण गावाची तहान पंधरापट होत नाही. आता एका लेबलाचे आठवड्याला दोन कॅन जातात. तीच २४ ची पेटी संपायला १२ आठवडे लागतात. ब्रुअरीतून वितरकाच्या गोदामात आणि तिथून दुकानात यायला लागलेले आठवडे वेगळे. शिवाय हे सरासरीचं गणित झालं. प्रत्यक्षात ३०० पैकी ३० लेबलं धडाधड उठतात आणि बाकीची भिंतीची शोभा वाढवतात. ३०० लेबलं मावतील एवढा फ्रिज बहुतेक दुकानांत नसतोच, म्हणून ही शोभेची लेबलं फ्रिजबाहेर, दिव्याखाली उभी असतात. मंडईत ज्याच्याकडे कोथिंबिरीचा ढीग लहान पण सकाळपासून दोनदा भरलेला, त्याच्याकडून आपण जुडी घेतो. बिअरलाही तेच लागू आहे. दुकानात किती प्रकार आहेत याला फारसं महत्त्व नाही. एकेका प्रकाराला उठाव किती, हे बघायचं.

हा हिशेब इंग्लंडातल्या पबवाल्यांना तोंडपाठ असतो, कारण त्यांची पारंपरिक कास्क एल इतकी नाजूक की चूक लगेच कळते. ही बिअर पिंपातच शेवटचं मुरते, तिच्यात जिवंत यीस्ट असतं, आणि हातपंपानं ओढली की तिच्या जागी तळघरातली हवा पिंपात शिरते. पिंप एकदा लावलं की साधारण तीन दिवसांत संपवायचं. नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे सुमारे ४१ लिटर, म्हणजेच ७२ पिंट. तीन दिवसांत ७२ पिंट म्हणजे दिवसाला २४. पबनं दोन पंप ठेवले तर दिवसाला ४८ पिंट खपायला हवेत. हौसेनं आठ पंप बसवले तर १९२. मंगळवारी संध्याकाळी, पावसात, गावाच्या कडेच्या पबमध्ये १९२ पिंट कोण पिणार? मग पाचव्या दिवसाची बिअर ग्लासात येते: सपक, किंचित आंबूस. पिणारा गप्प राहतो आणि पुढच्या वेळी लागर मागतो. पारंपरिक एल वाचवण्यासाठी १९७१ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक चळवळीनं निवड वाढावी म्हणून फार मोठं काम केलं. पण पंप वाढले तेव्हा त्यातल्या जाणत्यांनाच सांगावं लागलं की दोन चांगल्या एल या आठ बऱ्यावाईट एलपेक्षा केव्हाही बऱ्या. रिकाम्या होत जाणाऱ्या पिंपात हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडचा हलका थर सोडणारी एक झडप असते. तिला कॅमराचा वर्षानुवर्षं विरोध होता. २०१८ मध्ये तो विरोध त्यांनी सोडला. खप कमी असलेल्या लहान पबांना त्या झडपेचा आधार मिळतो, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

धातूच्या बंद केगची गोष्ट थोडी सुखाची. तिथे बिअर ढकलायला हवेऐवजी वायू वापरतात, त्यामुळे थंड ठेवलेला केग कित्येक आठवडे चांगला राहतो. पण चाळीस नळांच्या बारमध्ये नळांच्या नळ्यांचाही प्रश्न असतो. अमेरिकेत दर दोन आठवड्यांनी त्या धुवाव्यात असा शिरस्ता आहे. ज्या नळातून दिवसाला दोन ग्लास जातात, त्या नळीत बिअर नुसती उभी असते.

बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं आणि त्यांतल्या काहींनी त्याविरुद्ध मनापासून लढा दिला. जिम कोख यांच्या बॉस्टन बिअर कंपनीनं १९८०च्या दशकातच आपल्या सॅम्युअल अ‍ॅडम्स या बिअरच्या लेबलावर सर्वांना वाचता येईल अशी मुदत छापायला सुरुवात केली आणि मुदत संपलेला माल परत घ्यायचं धोरण ठेवलं. त्याआधी तारखा असायच्या, पण सांकेतिक, फक्त वितरकाला कळतील अशा. १९९६ मध्ये बडवायझरच्या कंपनीनं बाटलीवर चक्क ‘जन्मतारीख’ छापली. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीचे विनी सिलुर्झो यांची ‘प्लिनी द एल्डर’ ही डबल आयपीए जगभर नावाजलेली. तिच्या लेबलावर, ही साठवू नका, थंड ठेवा आणि लगेच प्या, असं पुन्हा पुन्हा बजावलेलं असतं. स्टोन ब्रुइंगनं २०१२ मध्ये त्याहून पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या ‘एन्जॉय बाय’ या आयपीएचं नाव म्हणजेच शेवटची तारीख. भरल्यापासून साधारण पाच आठवडे, मोठ्या अक्षरांत, लेबलाच्या मधोमध. दुकानदाराला ती मागे ढकलून ठेवताच येत नाही.

व्हरमाँटमधल्या ‘द अलकेमिस्ट’ या ब्रुअरीची वाट वेगळी होती. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात त्यांचा वॉटरबरी गावातला पब बुडाला. त्याच सुमारास त्यांनी ‘हेडी टॉपर’ ही आपली बिअर कॅनमध्ये भरायला सुरुवात केली. मागणी देशभरातून आली. त्यांनी मात्र कितीतरी वर्षं ती व्हरमाँटपुरती, जवळच्या दुकानांपुरती ठेवली आणि थंडच विकायची अट घातली. लोक तासन्‌तास गाडी चालवत तिथे जात. ज्यांना मोठं व्हायचं होतं त्यांनी दुसरा उपाय केला. पश्चिमेकडच्या सिएरा नेवाडानं नॉर्थ कॅरोलायनात आणि स्टोननं व्हर्जिनियात दुसरा कारखाना उभारला. त्यामागे वाहतूक खर्चाचा भाग होताच, पण पूर्व किनाऱ्यावरच्या माणसाला आपली बिअर महिन्याभरानं जुनी मिळू नये हेही होतं.

इतकं सगळं वाचून कुणाला वाटेल की हजार लेबलांची भिंत पाडूनच टाकावी. तसं मुळीच नाही. काही बिअर अशा आहेत की ज्यांना काळ मानवतो, आणि त्यांच्यासाठी मोठं दुकान हीच योग्य जागा. दहा-बारा टक्के अल्कोहोलच्या, माल्टनं जड अशा बार्ली वाइन आणि इम्पीरियल स्टाउट. त्यांच्यात ऑक्सिजननं येणारी शेरीची, सुक्या मेव्याची चव दोष ठरत नाही, ती तर हवीच असते. बेल्जियममधल्या शिमेच्या निळ्या लेबलाच्या बाटलीवर साल छापलेलं असतं आणि जाणकार ती काही वर्षं तळघरात ठेवतात. ऑर्वाल मठाच्या बिअरमध्ये बाटली भरताना ब्रेटानोमायसेस हे रानटी म्हणवलं जाणारं यीस्ट असतं. महिनागणिक ती कोरडी आणि रानगंधी होत जाते. ताजी ऑर्वाल आवडणारे वेगळे, जुनी आवडणारे वेगळे, आणि बेल्जियममधल्या काही कॅफेंत दोन्ही मागता येतात. ब्रसेल्सच्या आसपास बनणारी गुझ तर एक, दोन आणि तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेल्या लँबिक या आंबट बिअरचं मिश्रण. काही बाटल्यांवरची मुदत वीस वर्षांपुढची असते. ही बाटली मोठ्या दुकानाच्या फळीवर वर्षभर उभी राहिली, आणि उजेड व उकाडा यांपासून जपली, तर तिचं फारसं बिघडत नाही. म्हणून दुकानाप्रमाणे बिअर निवडावी, हा माझा सल्ला. कमी माल आणि जोरदार उठाव असलेल्या ठिकाणी हॉप्सची, फिकट, हलकी बिअर. प्रचंड निवड असलेल्या ठिकाणी काळी, जड, आंबट, मुरलेली.

आयपीएची गंमत अशी की तिचा इतिहास याच्या अगदी उलटा आहे, आणि तो आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेला बो इथल्या हॉजसन यांच्या ब्रुअरीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे अधिकारी बिअरची पिंपं घेऊन निघत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चारसहा महिन्यांनी ती मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोहोचत. ही भरपूर हॉप्स घातलेली, मुळात मुरवण्यासाठीच बनवलेली बिअर होती. समुद्रावरची ऊब आणि हेलकावे यांनी ती लवकर मुरायची आणि इथल्या गोऱ्यांना ती तशीच आवडायची. पुढे बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास यांनी हा व्यापार हॉजसनकडून खेचून घेतला. म्हणजे ज्या बिअरचं नावच इंडिया पेल एल, ती मुंबईच्या बंदरात जुनी होऊनच उतरायची. आजची अमेरिकन धर्तीची आयपीए सगळी ताज्या सुगंधावर उभी आहे. नाव एक असलं तरी जुन्या आयपीएचं टिकाऊपण तिच्यात शोधू नये.

आपल्याकडे निवड कमी आहे याची तक्रार ऐकू येते. तिचं एक कारण सरळ आहे: प्रत्येक राज्यात अबकारी खात्याकडे एकेका लेबलाची वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क. लहान ब्रुअरीला दहा लेबलं पाच राज्यांत नेणं परवडत नाही. पण ताजेपणाच्या बाबतीत महाराष्ट्राच्या हाती एक मोठी जमेची बाजू आहे, ती म्हणजे मायक्रोब्रुअरी. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही शहरातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि मग एफिंगट, इंडिपेन्डन्स अशी नावं येत गेली. अशा ठिकाणी बिअरचा प्रवास टाकीपासून नळापर्यंत, काही मीटरचा. गोदाम नाही, ट्रक नाही, दुपारचं ऊन नाही. नळ सहा-आठच असतात, आणि ते तेवढेच असावेत.

याउलट बिअर शॉपीचा विचार करा. मे महिन्यात पुण्यात पारा ४० च्या आसपास जातो, विदर्भात त्याच्याही वर. पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. ३-३०-३०० चा ठोकताळा ३२ अंशांना तीनच दिवस देतो. आपली नेहमीची स्ट्राँग किंवा माइल्ड लागर हे थोडंफार सोसते, कारण तिच्यात हॉप्सचा सुगंध मुळातच बेताचा. आयपीए सोसत नाही. काउंटरवर ‘चिल्ड आहे’ हे ऐकून समाधान मानू नये. ती आज सकाळी फ्रिजमध्ये गेली की आली तेव्हापासून फ्रिजमध्ये आहे, हे विचारावं. गोव्यात सांगोल्ड्याला बनणारी ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए गोव्यात असताना प्यायली तर तिला न्याय मिळतो. तोच कॅन गाडीच्या डिकीत टाकून उन्हात घाट चढवून आणला तर मित्रांना तिची खरी चव कळणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीत राज्य सरकारनं मायक्रोब्रुअरींना ताजी बिअर ग्राउलरमध्ये भरून विकायला परवानगी दिली आणि अनेक घरांत पहिल्यांदाच नळाची बिअर पोहोचली. ग्राउलर म्हणजे एक-दोन लिटरची घट्ट झाकणाची बाटली. नळाखाली भरताना तिच्यात हवा जातेच. म्हणून ती थेट फ्रिजमध्ये ठेवावी, दोन दिवसांत संपवावी, आणि एकदा उघडली की त्याच बैठकीत.

मग निवडीचं काय करायचं? माझं उत्तर असं की निवड एका भिंतीवर शोधू नये, वर्षभरात शोधावी. सहा नळांची एखादी चांगली मायक्रोब्रुअरी दर महिन्याला दोन नळ बदलत असेल तर वर्षाकाठी तुम्ही पंचवीस-तीस तऱ्हा चाखता आणि त्यांतली प्रत्येक ताजी असते. पावसाळ्यात स्टाउट, उन्हाळ्यात गव्हाची, मधेच हापूस घातलेली. अमेरिकेतही चांगले दुकानदार आता याच वाटेनं जातात. फ्रिजमध्ये मावतील तेवढीच लेबलं, थोड्या पेट्या, लवकर फिरणारा माल, आणि पुढच्या आठवड्यात दुसरं काही. त्यांच्या दुकानात तुमची आवडती बिअर प्रत्येक वेळी मिळेल याची खात्री नसते. मला हा सौदा पूर्णपणे मान्य आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कॅन हातात घेतला की उलटा करा. आपल्याकडे उत्पादनाची तारीख छापलेली असते आणि सहसा सहा महिन्यांची मुदत दिलेली असते. त्या मुदतीवर विसंबू नका. तिचा अर्थ बिअर पिण्यायोग्य आहे एवढाच. आयपीए किंवा पेल एल असेल तर दोन महिन्यांच्या आतली आणि थंड ठेवलेली घ्या. पिल्सनर आणि गव्हाची बिअर तीन महिन्यांपर्यंत चालेल. तारीख पुसलेली असेल, कॅनच्या खांद्यावर धूळ असेल, तर लेबल कितीही मोहवणारं असलं तरी तो परत ठेवा, आणि का ठेवला ते दुकानदाराला सांगा. या आठवड्यात काय आलं, हे त्याला विचारा. गिऱ्हाईक तारीख बघून घेतं हे त्याला कळलं की तो माल कमी मागवेल आणि फ्रिज मोठा घेईल.